‘निष्कर्ष नाही’ म्हणजे ‘रोग नाही’ नव्हे!



गेल्या वर्षी आमच्या एका भगिनीने एक कागद आमच्यापुढे ठेवला. खाते रेल्वेचे की टपालाचे, गाव कोणते, रुग्णालय कोणते, हे आम्ही येथे सांगणार नाही. प्रश्न एका गावाचा नाही आणि एका डॉक्टरला दोषी धरून तो सुटणाराही नाही. भगिनीचे वय ५२. पतीच्या मृत्यूनंतर अनुकंपा तत्त्वावर नोकरीस लागलेली. पाळी जाऊन तीन वर्षे झालेली, पण अधूनमधून रक्ताचे डाग पडत. दोन महिने अंगावर काढल्यावर ती दवाखान्यात गेली. पॅप तपासणी झाली. कागदावर एकच ओळ होती: पेशी अपुऱ्या, निष्कर्ष काढता येत नाही, पुन्हा तपासणी करावी.

तो कागद पाहून तिला सांगण्यात आले, “बाई, कॅन्सर निघालेला नाही. घाबरू नका.” लोहाच्या गोळ्या मिळाल्या. ती समाधानाने कामावर परतली. पुन्हा बोलावणे आले नाही, तारीख दिली गेली नाही, नाव कोणत्याही वहीत चढले नाही. चौदा महिन्यांनी ती रक्तस्रावाने कामावरच कोसळली. तेव्हा रोग गर्भाशयाच्या मुखाबाहेर पसरलेला होता. आज ती किरणोपचार घेत आहे.

त्या पहिल्या दिवशी रोग कोणत्या टप्प्यावर होता, हे आता कोणीच सांगू शकत नाही. ज्या दिवशी ते सांगता आले असते, त्या दिवशी कोणी पाहिले नाही. आमचा राग याच गोष्टीवर आहे. ‘निष्कर्ष नाही’ या दोन शब्दांचा अर्थ ‘रोग नाही’ असा लावण्याची जी सवय आपल्या सरकारी वैद्यकीय यंत्रणेला जडली आहे, तिच्याविरुद्ध हा लेख आहे.

रोग हळू चालतो, कारभार त्याहून हळू

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मेल्या. म्हणजे रोज दोनशेहून अधिक. एखाद्या अपघातात रोज दोनशे माणसे मेली असती तर चौकशी आयोग बसला असता. या बायका घराघरांत, एकेक करून मरतात, म्हणून आयोग बसत नाही.

आणि हा असा रोग आहे की जो येण्याआधी निरोप पाठवतो! मानवी पॅपिलोमा विषाणू, ज्याला डॉक्टर एचपीव्ही म्हणतात, तो याच्या मुळाशी आहे. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काही स्त्रियांत तो ठाण मांडतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो. या बिघाडापासून कर्करोगापर्यंत पोहोचायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एचआयव्हीची लागण असलेल्या बाईत हा काळ कमी असतो. एवढ्या काळात बिघडलेला भाग ओळखून गोठवून, जाळून किंवा कापून काढला तर कर्करोग जवळजवळ नेहमीच टळतो. पिशवी राहते, बाई राहते, नोकरी राहते.

दहा-पंधरा वर्षांची मुदत देणारा शत्रू दुसरा कोणता आहे? तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केली होती, त्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के निघाले. शंभरात दोनसुद्धा नाहीत! आणि जी एक-दोन जणी लाज गिळून, रजा टाकून तपासणीला जाते, तिच्याही हाती अर्धवट कागद ठेवून तिला परत पाठवायचे, याला काय म्हणावे?

तपासणी कोठे अडते?

आपले पुढारी आणि प्रतिनिधी डॉक्टर नाहीत. पण रूळ कोठे खचतो हे गँगमनला कळते, तसे तपासणी कोठे अडते हे आपल्याला कळलेच पाहिजे. ते कळले नाही तर प्रशासन वाटाण्याच्या अक्षता लावील आणि आपण त्या घेऊन परत येऊ.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर एका प्रकारच्या पेशींचे आवरण असते आणि आतल्या नळीत दुसऱ्या प्रकारच्या पेशींचे. ही दोन आवरणे जेथे मिळतात, त्या सांध्याभोवतीच्या पट्ट्यात बहुतेक बिघाड सुरू होतो. म्हणून सारी तपासणी त्या सांध्याची आहे. सांधा दिसला नाही, किंवा तेथल्या पेशी मिळाल्या नाहीत, तर तपासणी झाली असे म्हणता येत नाही.

अडण्याच्या जागा मुख्यतः चार आहेत.

पहिली जागा, पॅप तपासणीची काचपट्टी. पेशी कमी आल्या, रक्त आले, सूज फार असली, तर प्रयोगशाळा ‘असमाधानकारक’ असे लिहिते. हा शेरा काचपट्टीवर आहे, बाईच्या प्रकृतीवर नाही. अशा वेळी दोन ते चार महिन्यांत तपासणी पुन्हा झाली पाहिजे, हा मान्य नियम आहे. पुन्हा करायची म्हणजे तारीख देऊन करायची, ‘जमेल तेव्हा या’ म्हणून नव्हे.

दुसरी जागा, ‘अस्कस’ हा शेरा. पेशी बदललेल्या आहेत, पण कशामुळे ते ठरत नाही, असा त्याचा अर्थ. १९८८ साली अमेरिकेतील बेथेस्डा येथे ठरलेल्या अहवालपद्धतीतून तो आला. यातल्या बहुतेक बायकांना गंभीर काही नसते, पण काहींना असते. त्या काही कोणत्या, हे निवडायचे कसे? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने असा शेरा मिळालेल्या ३,४८८ स्त्रियांवर मोठा अभ्यास करविला आणि त्याचे निकाल २००१ साली आले. एचपीव्ही चाचणी लावली असता, सर्वांत गंभीर कर्करोगपूर्व बदल असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ९६ जणी सापडल्या, आणि पुढच्या तपासणीला सर्वांना नव्हे, तर निम्म्याहून थोड्या अधिक जणींनाच पाठवावे लागले. म्हणजे उत्तर आहे आणि ते २००१ पासून आहे.

तिसरी जागा, दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी. जर्मनीत हान्स हिन्सेलमान यांनी हे साधन १९२५ साली आणले. शंभर वर्षे झाली! तीन ते पाच टक्के अॅसिटिक अॅसिड लावले की बिघडलेला भाग पांढरा दिसतो आणि तेथला तुकडा तपासायला घेता येतो. पण वय वाढले, पाळी गेली, की तो सांधा नळीत आत सरकतो आणि दुर्बिणीलाही पुरता दिसत नाही. आपल्या ५२ वर्षांच्या भगिनीसारख्या बायकांत हे नेहमीचे आहे. सांधा दिसला नाही तर ‘काही दिसले नाही’ असे लिहून मोकळे होता येत नाही. नळीच्या आतून खरवडून किंवा ब्रशने नमुना घ्यावा लागतो. पाळी गेलेल्या बाईला काही आठवडे इस्ट्रोजेनचे मलम देऊन पुन्हा पाहता येते. पॅपचा अहवाल गंभीर आणि दुर्बिणीत काहीच नाही, असा मेळ बसेना, तर काचपट्ट्या जाणकाराकडून पुन्हा वाचून घ्याव्या लागतात. तरीही संशय राहिला तर तो पट्टा शंकूच्या आकारात किंवा विजेच्या तारेने कापून काढून तपासावा लागतो. शंका फेडण्याचा तो शेवटचा मार्ग, आणि पुष्कळदा तोच उपचारही ठरतो.

चौथी जागा, तुकड्याचा अहवाल. एकाच ठिकाणचा तुकडा घेतला तर बिघाड शेजारी राहून जाऊ शकतो, म्हणून संशयाच्या दोन-चार जागांहून तुकडे घेणे चांगले, असे आज मानले जाते. तुकडा पाहूनही हा खरा बिघाड की सुजेचा भास, असा पेच पडला तर ‘पी-१६’ नावाची रंगचाचणी पेच सोडवायला मदत करते.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पाळी गेल्यावर रक्त दिसले, किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तो चाळणी-तपासणीचा विषयच राहत नाही. तेथे पॅपचा अहवाल चांगला आला तरी थांबायचे नाही. कारण सापडेपर्यंत तपास झालाच पाहिजे. आमच्या भगिनीच्या बाबतीत पहिली चूक येथेच झाली.

‘पाहू या’ने काय होते, ते एकदा पाहून झाले आहे

कोणी म्हणेल, थोडे थांबून पाहिले तर काय बिघडते? किरकोळ बदल असतील तर तारखा देऊन लक्ष ठेवणे योग्यच आहे. पण गंभीर बदल नुसते पाहत बसल्याने काय होते, याचा हिशेब न्यूझीलंडने मांडून ठेवला आहे. ऑकलंड येथील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरांनी १९६६ पासून गंभीर कर्करोगपूर्व बदल असलेल्या काही स्त्रियांवर पुरता उपचार न करता केवळ लक्ष ठेवण्याचे धोरण चालविले. बायकांना हे सांगितलेही नव्हते. १९८४ साली तेथल्याच सहकारी डॉक्टरांनी आकडे छापले. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी मासिकातून प्रकरण चव्हाट्यावर आणले, चौकशी बसली आणि १९८८ साली न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल आला.

२००८ साली या रुग्णांचा ३० वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर पुरेसा उपचार झाला नाही, त्यांच्यापैकी सुमारे ३१ टक्के जणींना कर्करोग झाला. ज्यांच्यावर योग्य उपचार झाला, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. बदल तोच, रोग तोच, फरक फक्त वेळेवर उपचार होण्या न होण्याचा! ऑकलंडमध्ये हे एका डॉक्टरच्या हट्टाने झाले. आपल्याकडे ते कोणाच्याही हट्टाशिवाय, नुसत्या ‘पुन्हा या’ने, रोज होत आहे. हट्टी माणसाची चौकशी करता येते. हलगर्जीची चौकशी कोण करणार?

पुरावा मराठवाड्याने दिला, किंमतही मराठवाड्यानेच

‘हे सगळे परदेशातले, आपल्याकडे जमणार नाही,’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही उस्मानाबादेत नेऊ. आज त्या जिल्ह्याचे नाव धाराशिव आहे. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून या जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना घेऊन गावांचे ५२ गट केले. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि काही गटांत नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे तपासणी नाही. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झाली, तरी त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तेथे ३४ बायका मेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. ज्यांची एचपीव्ही चाचणी नकारात्मक आली होती, त्यांच्यापैकी या रोगाने एकही मेली नाही.

त्या ६४ बायकांबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. त्या आमच्या आया-बहिणी होत्या. तपासणीने जीव वाचतो हे जगाला आकड्यात दाखवता यावे, म्हणून ज्या गटाला तपासणी दिली गेली नाही, त्या गटात त्या होत्या. असे करणे योग्य होते का, यावर नंतर देशात आणि परदेशात मोठा वाद झाला. तो वाद आम्ही येथे निकालात काढणार नाही. पण एवढे नक्की म्हणू, की ज्या बायकांच्या मरणातून पुरावा उभा राहिला, त्यांच्याच देशात पुराव्यानंतरही तपासणी शंभरात दोघींपर्यंत पोहोचू नये, ही त्यांच्या मरणाची थट्टा आहे.

मुंबईत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन अॅसिटिक अॅसिडची तपासणी करायला शिकवले गेले. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. २०१४ साली निकाल आला: मृत्यूंत ३१ टक्के घट. दहावी शिकलेली बाई जे चार आठवड्यांत शिकते, ते केंद्र सरकारच्या रुग्णालयाला जमत नाही, हे आम्ही कसे मानावे?

मात्र एक जपणूक हवी. डोळ्यांनी पाहण्याची ही तपासणी, सांधा दिसतो अशाच बाईत भरवशाची आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी करण्याची रूपरेषा आखली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा सांधा आत गेलेला असेल, तर तिच्यापुरती ती अपुरी पडते. एचपीव्ही चाचणीला सांधा दिसण्याची गरज नाही. नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही चाचणीचीच शिफारस केली आहे.

आमच्या पदरात काय?

गाडीच्या सुरक्षेशी संबंध असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. डोळे पाहतात, रंग ओळखता येतात का पाहतात. ते झालेच पाहिजे. पण ती तपासणी गाडीसाठी आहे. सिग्नल दिसतो ना, मग बाईच्या पोटात काय चालले आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नाही.

केंद्राच्या गट ‘अ’ अधिकाऱ्यांसाठी चाळिशीनंतर दरवर्षी आरोग्य तपासणीची योजना सरकारने आखली. महिला अधिकाऱ्यांच्या यादीत पॅप स्मीअर आहे. ठीक आहे, त्यांचाही जीव आहे. पण रुळावर गिट्टी भरणाऱ्या बाईला, आर.एम.एस.मध्ये रात्रपाळीत टपाल छाटणाऱ्या बाईला गर्भाशयमुख नसते काय? रोगाला वर्गवारी कळत नाही. ती फक्त सरकारला कळते.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, तांबी बसवून घ्यायलाही मिळते. मूल होऊ नये म्हणून रजा, आणि बाई मरू नये म्हणून मात्र आपली किरकोळ रजा खर्ची घालायची! तीही मुकादमाच्या किंवा पोस्टमास्तरांच्या पुढे उभे राहून, ‘कशासाठी हवी?’ या प्रश्नाला सर्वांदेखत उत्तर देऊन.

ग्रामीण डाक सेवक भगिनी तर केंद्रीय आरोग्य योजनेच्या बाहेरच आहेत. डबे धुणाऱ्या, फलाट झाडणाऱ्या कंत्राटी बायकांना कायद्याने राज्य विमा लागू होत असेल तेथेही, विम्याचे कार्ड हाती पडेपर्यंत कंत्राट बदललेले असते. आणि इटारसी, जबलपूर, सिकंदराबाद, हुबळी येथे बदलीवर किंवा पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी भगिनींना, आपले दुखणे परक्या भाषेत, परक्या पुरुषापुढे सांगण्याची आणखी एक अडचण आहे.

चार सबबी आणि चार उत्तरे

‘बायका स्वतःच येत नाहीत.’ पडदा नसलेल्या खोलीत, पुरुषांच्या रांगेतून, महिला डॉक्टर केव्हा येणार याची खात्री नसताना कोण येईल? आधी खोली द्या, वेळ द्या, महिला डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका द्या, मग कोण येत नाही ते आम्ही पाहतो.

‘पैसा नाही.’ अॅसिटिक अॅसिड म्हणजे व्हिनेगरचाच अर्क. एचपीव्ही चाचणी त्याहून महाग आहे, हे खरे. पण किरणोपचार, केमो, महिनोन् महिन्यांची रजा आणि शेवटी पुन्हा एक अनुकंपा नियुक्ती, हा हिशेब कोणी मांडला आहे काय?

‘अहवाल सकारात्मक नाही, मग मोठ्या रुग्णालयाकडे कशाला पाठवायचे?’ म्हणूनच तर पाठवायचे! निष्कर्ष निघाला असता तर तुमच्या दवाखान्यातच काम भागले असते. शंका फेडण्याची साधने जेथे आहेत, तेथे शंका असलेल्यालाच पाठवावे लागते.

‘आता लस आली आहे.’ आली, आणि तिचे स्वागत आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. आपल्या मुलींना ती मिळालीच पाहिजे. पण लस लागण होण्याआधीची आहे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बाईला लशीचे नाव सांगून परत पाठविणे म्हणजे तिच्या तोंडाला पाने पुसणे आहे.

उलट टोकाचा धोका

एका टोकाला ‘पाहू या’ आहे, तर दुसऱ्या टोकाला ‘काढून टाकू या’. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. हजारो बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या, त्यांत ऐन तिशीतल्याही होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्यावर ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घालायची आणि सुरी चालवायची, हा धंदा आहे.

अनिश्चित अहवालाचा कागद हातात असलेली, घाबरलेली, एकटी बाई हे या धंद्याचे आयते गिऱ्हाईक. म्हणून प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावे: अस्कस म्हणजे कर्करोग नव्हे. किरकोळ बदल पुष्कळदा आपोआप जातात. एचपीव्ही सापडला म्हणजे वागणूक वाईट असेही नव्हे. केवळ अनिश्चित पॅप अहवालावर पिशवी काढण्याचे कारण नाही. कोणी काढू म्हणाले, तर ‘एचपीव्ही चाचणी झाली का? दुर्बिणीने पाहिले का? तुकडा तपासला का?’ हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत संमतीच्या कागदावर सही करू नका.

आता थोडे आपल्या घरातले

प्रशासनाला चार शब्द सुनावणे सोपे आहे. पण हा विषय शाखेच्या बैठकीत निघाला तेव्हा किती बांधव गालातल्या गालात हसले, किती जण चहाला उठून गेले, हे आम्ही पाहिले आहे. ‘हा बायकांचा विषय आहे, महिला समितीकडे द्या,’ असा ठराव करून आपणही घोंगडे भिजत ठेवले. बंधूंनो, हा विषाणू बाईच्या घरात बहुधा पुरुषाबरोबरच येतो. तंबाखूचा धूर तिचा धोका वाढवितो. आणि तपासणीला जायचे म्हटल्यावर ‘तुला काय झालंय?’ म्हणून तिला अडविणाराही घरातलाच असतो. आठ तासांच्या दिवसासाठी लढणारी चळवळ बाईच्या जिवाच्या प्रश्नावर लाजत असेल, तर ती लाज आपली आहे.

आमच्या मागण्या

१. तीस वर्षांवरील प्रत्येक महिला कर्मचाऱ्याची आणि कर्मचाऱ्याच्या पत्नीची, सेवानिवृत्तांसह, गर्भाशयमुख तपासणी वर्गभेद न करता व्हावी. पहिली तपासणी शक्यतो एचपीव्ही चाचणीने व्हावी.

२. तपासणीचा आणि पुढील प्रत्येक फेरीचा दिवस कामाचा दिवस धरावा. कारण विचारू नये, चिठ्ठी बंद पाकिटात असावी.

३. ‘असमाधानकारक’, ‘अनिश्चित’, ‘सांधा दिसला नाही’ असा प्रत्येक शेरा स्वतंत्र नोंदवहीत चढवावा. पुढील तपासणीची तारीख त्याच दिवशी लेखी द्यावी. बाई आली नाही तर तिला गुप्तता राखून बोलावणे पाठवावे.

४. प्रत्येक विभागीय रुग्णालयात कॉल्पोस्कोपी व नळीतील नमुना घेण्याची सोय करावी. ती होईपर्यंत मान्यताप्राप्त कर्करोग रुग्णालयाकडे पाठविण्याची चिठ्ठी विनाअट मिळावी.

५. अहवालाची प्रत बाईच्या हातात, तिला समजेल अशा भाषेत, समजावून द्यावी.

६. ग्रामीण डाक सेवक आणि कंत्राटी भगिनींना हीच सोय, त्याच रुग्णालयात मिळावी.

यातील तिसऱ्या मागणीला एका वहीपेक्षा आणि एका पेनापेक्षा अधिक खर्च नाही. ती आधी मान्य करून दाखवा, मग निधीच्या गोष्टी बोलू.

शाखा सचिवांनी या मागण्या पुढच्या वाटाघाटीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, आणि शेवटच्या क्रमांकावर नव्हे. प्रत्येक शाखेने दोन भगिनी नेमाव्यात. ज्यांच्या घरी अर्धवट अहवालाचा कागद पडून आहे, त्यांनी तो घेऊन या दोघींकडे यावे. नाव बाहेर जाणार नाही, ही जबाबदारी संघटनेची.

कपाट उघडा. जुन्या फायलीत, गादीखाली, पोथीच्या डब्यात तो कागद असेल. त्यावर ‘पुन्हा तपासणी करावी’ असे लिहिलेले असेल, आणि पुन्हा तपासणी झालेली नसेल, तर याच आठवड्यात निघा. सोबत हवी असेल तर आम्ही येतो. आमच्या त्या भगिनीने किरणोपचाराच्या खोलीबाहेर बसून आम्हांला एवढेच सांगितले, “माझ्या कागदाचं जे झालं ते दुसरीच्या कागदाचं होऊ देऊ नका.” तिला आम्ही शब्द दिला आहे. तो पाळणे आता आपल्या सर्वांचे काम आहे.